शेरा

पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी दोन, पिंपरडोह,
तालुका समुद्रपूर. समुद्र नाही.
चार्ज घेताना मला मिळालं:
एक लोखंडी खोडा, नायट्रोजनचा कंटेनर,
बिनकिल्लीची तीन कुलपं
आणि कृत्रिम रेतनाचं रजिस्टर,
जे उलटं धरलं की फुटबॉलचं होतं.

पुढून गाई. मागून देशाचा संघ.
रकाने तेच, छापील:
दिनांक, ठिकाण, जात, निकाल, शेरा.
‘जात’ खोडून ऋषीजी कुमरे, व्रणोपचारक,
यांनी निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘समोरचे’.
‘निकाल’ खोडायची गरज पडली नव्हती.
जिंकलो की ‘गाभण’.
हरलो की ‘उलटली’.
बरोबरीला गाईंच्यात शब्द नाही,
तिथं ते लिहीत,
‘एकवीस दिवस वाट पाहावी.’

दहा वर्षं.
उलटली. उलटली. वाट पाहावी. उलटली.
गाभण, खाली दोन रेघा, पेन बदलून लाल.
मग पुन्हा उलटली.

‘पोट्टे धावले. बॉल नाही धावला.’

‘समोरचे कोण्या बेटावरचे. पूर्ण देश
आपल्या तालुक्याएवढा. तरी.’

‘पंधराव्या मिनिटाले लाईट गेली. पुढचं देवाले माहीत.’
आणि त्याखाली, आठवड्यानं, वेगळ्या शाईत:
‘शेवेच्या पुडीवर निकाल भेटला. समोरचे दोन.
आपल्या आकड्यावर तेल. शून्यच असन.’

त्यांनी स्वतः कधी बॉलला पाय लावला नव्हता,
असं गावात म्हणतात.
गुडघ्यावर एका गोऱ्ह्याची लाथ होती,
पावसाळ्यात दुखायची.
कोणी म्हणे, जिंकत नाहीत तं लिहिता कायले?
ते म्हणत, गाय उलटली म्हून इकून टाकतं का तू?

फेब्रुवारीतली दुपार. लसी संपलेल्या.
मी मोबाइलवर सगळी दहा वर्षं काढली,
दोन मिनिटं लागली,
आणि एकेका ओळीवर बोट ठेवत बसलो.
जुळलं सगळं. तेलातल्या शून्यासकट.
फक्त एका ठिकाणी
मोबाइल म्हणतो एक-शून्य, हरलो,
आणि रजिस्टर म्हणतं एक-एक.
शेरा: ‘अंबादास कंडक्टरनं सांगितलं.
सेवाग्रामहून शेवटची गाडी.
जाताना दोन तिकिटं काढली होती.’

रजिस्टर फिरवून पाहिलं.
पुढच्या बाजूला त्या आठवड्यात
एकही गाय नाही.

अंबादास आता निवृत्त.
ढोरबाजाराच्या फाटकाशी, टपरीच्या बाकावर,
पन्नीत खर्रा घोटत असतात.
विचारलं. घोटत राहिले.
मला वाटलं ऐकू आलं नसावं,
म्हणून तारीख सांगितली, समोरचे कोण तेही.

‘अकरा रुपये निघत होते त्याईचे,’ म्हणाले.
‘तिकिटाच्या मांगं लिहून देल्ले.
त्याईनं तिकीट पाह्यलंच नाही.
थैली मांडीवर. थैलीत लुगडं.
खिडकीकडं पाहून इचारते,
काय झालं गा मॅचचं?
सुट्टे नव्हते बाप्पा माह्याजवळ.
गोल होता.’

परत आलो. लाल पेन खिशालाच होतं.
ओळ पुन्हा वाचली.
त्या खालीच, पुढच्या सामन्यासमोर,
ऋषीजींचं अक्षर थोडं मोठं झालं आहे,
ठिकाणाचं नाव चुकलं आहे,
निकाल बरोबर. उलटली.

संध्याकाळी गजबेंची कपिली आली,
तिसऱ्यांदा उलटलेली,
मागून शेपूट धरून त्यांची मुलगी.
मी रजिस्टर सुलटं केलं
आणि दिनांक टाकला.